दहा टक्के भडंग

गेल्या जूनपासून यंदाच्या मेपर्यंत मला माझ्या हॉलमधल्या सोफ्यावर बसायला मिळालं नाही. घराचे हप्ते मी भरतो, सोफ्याचेही मीच भरले होते. पण ताबा बारावीच्या जीवशास्त्राकडे गेला होता. एकदा रात्री दिवे गेले असताना अंदाजाने टेकायला गेलो, तर अंधारातून कन्या ओरडली, "बाबा, मूत्रपिंडावर बसलात!" ताडकन उठलो. मूत्रपिंड चार्टपेपरवरचं होतं, पण माणूस दचकतोच.

आम्ही राहतो सांगलीत. इथून दहा-बारा किलोमीटरवर मिरज. तंबोरे आणि डॉक्टर हे त्या गावचे दोन जुने उद्योग. त्यामुळे आमच्या भागात एखाद्या पोराला दहावीला विज्ञानात बरे गुण पडले की नातेवाईक त्याला डॉक्टर म्हणूनच हाक मारायला लागतात आणि आपापली गुडघेदुखी सांगून ठेवतात. कन्येच्या वाट्याला अशा सहा गुडघेदुख्या आणि एक पित्त आलं होतं. तिने क्लास लावला होताच. पण क्लासात जे शिकवतात ते समजून घ्यायला आणखी काहीतरी लागतं, आणि त्याला ग्रुप स्टडी म्हणतात, असं तिने मला समजावलं. मूळ ठराव 'आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास' असा होता. दिवाळीपर्यंत तो 'रोज, जेवणाची वेळ सोडून' असा झाला आणि प्रीलिमच्या सुमारास जेवणाची वेळही त्यात आली.

गटात चौघं. त्यांची खरी नावं सांगत नाही; उद्या डॉक्टर झाले तर माझी नाडी त्यांच्याच हातात असायची. पहिली पाठांतरे. हे आडनाव नव्हे, वृत्ती आहे. हिला पुस्तक पानासकट पाठ. प्रश्न विचारला की ती डोळे मिटते, आणि तिच्या पापण्यांच्या आत पानं उलटल्याचा आवाज येतो असं मला नेहमी वाटतं. दुसरा चित्रगुप्त. आकृत्या काढणं आणि सगळ्यांच्या गुणांची नोंद ठेवणं अशी दोन्ही खाती त्याच्याकडे. तिसरा शंकासुर. हा तासगावकडचा, द्राक्षबागायतदाराचा मुलगा, सांगलीत मामाकडे राहून शिकणारा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीला एकदम इंग्रजी. जीवशास्त्राचं कुठलंही वाक्य ऐकलं की तो शांतपणे म्हणतो, "म्हणजे काय?" चौथी आमची कन्या. तिचं काम वेळापत्रक करणं. वर्षभरात तिने अकरा वेळापत्रकं केली. अकराही चांगली होती.

आता मैदानाची माहिती देतो. बारावीचं जीवशास्त्र लेखी ७० गुणांचं, प्रात्यक्षिक ३० चं, धडे १५. दोन गुणांचे बारा प्रश्न, त्यातले आठ सोडवायचे. तीन गुणांचेही बारातले आठ. चार गुणांचे पाचातले तीन. मंडळाने ही सवलत दयाबुद्धीने दिली असावी. मुलांनी तिचं शास्त्र करून टाकलं. त्या शास्त्राचं नाव 'ऑप्शनला टाकणं'. कुठल्या धड्याला किती गुण, कुठला सोडला तर किती बुडतात, याची चित्रगुप्ताने वहीत कोष्टकं मांडली. चौघांनी आपापले धडे ऑप्शनला टाकले, तेव्हा एक गोष्ट उघड झाली: वनस्पती आणि पाणी यांच्या संबंधावरचा धडा चौघांनीही टाकला होता. पाण्याचा प्रश्न कुणालाच सोडवायचा नसतो, हा महाराष्ट्राचा जुना अनुभव आहे.

पण मेडिकलच्या प्रवेशासाठीच्या नीटला ऑप्शन नसतो. तिथे प्रश्न १८०, त्यातले ९० एकट्या जीवशास्त्राचे, बरोबर आला तर चार गुण आणि चुकला तर असलेल्यातला एक कापून. "नीटचा अभ्यास म्हणजे?" माझ्या आईने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "मग बाकीचा काय वाकडा करता होय?" यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. शंकासुर मात्र आजीकडे आदराने बघायला लागला. त्याला आपल्या जातीचं माणूस भेटलं होतं.

आईचा या अभ्यासाशी संबंध आला तो क्रेब्जच्या चक्रामुळे. हे चक्र पेशीतल्या तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, अहोरात्र चालू असतं आणि त्यातल्या रसायनांचा क्रम अकरावीपासून मुलांच्या मानगुटीवर बसलेला असतो. सायट्रेट, आयसोसायट्रेट, अल्फा-कीटोग्लुटारेट, सक्सिनाइल को-ए, सक्सिनेट, फ्युमरेट, मॅलेट, ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट. आणि तिथून पुन्हा सायट्रेट. इंग्रजीत यासाठी पाठांतराची वाक्यं आहेत, पण ती वाक्यं पाठ करायलाच दुसरं वाक्य लागतं, अशी तक्रार होती. तेव्हा चौघांनी मिळून मराठी वाक्य बनवायला घेतलं. साडेतीन तास लागले. तेवढ्या वेळात क्रेब्ज तीनदा पाठ झाला असता, असं मी म्हणालो, तेव्हा कन्येने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी भडंगाला लिंबू पिळायला आत गेलो.

वाक्य असं तयार झालं: 'सातारची आजी अचानक सकाळी सकाळी फराळ मागते ओरडून.' सा, आ, अ, स, स, फ, म, ओ. एकही अक्षर वाया नाही. शिवाय फराळ झाला की आजी पुन्हा पहिल्यापासून सुरू, म्हणजे चक्रही आलं. चौघांनी टाळ्या वाजवून ते एका सुरात म्हटलं, आणि स्वयंपाकघरातून माझी आई बाहेर आली. आई सातारची.

"मी कधी फराळ मागितला गं?" तिने विचारलं. "आणि ओरडून?"

हॉलमध्ये शांतता पसरली. चित्रगुप्ताने धीर करून फ्युमरेट, मॅलेट वगैरे सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग ओरडून कशाला? ओशाळून म्हणा. 'ओ' तर 'ओ'च आहे." दुरुस्ती एकमताने मंजूर झाली. तेव्हापासून आमच्या हॉलमध्ये सातारची आजी अचानक सकाळी सकाळी फराळ मागते ती ओशाळून, आणि क्रेब्जच्या चक्रावर आपलाही थोडा हक्क आहे असं आईला वाटतं.

या यशाने कारखानाच सुरू झाला. अर्धसूत्री विभाजनातल्या पहिल्या पूर्वावस्थेच्या पाच पायऱ्या: लेप्टोटीन, झायगोटीन, पॅकिटीन, डिप्लोटीन, डायकायनेसिस. त्यासाठी 'ले झारा, पातेलं, डिश, डाव.' यातला 'ले' हिंदी आहे अशी हरकत शंकासुराने घेतली. गुणसूत्रांना भाषा नसते, असा निकाल कन्येने दिला. अडचण एवढीच झाली की महिन्याभराने वाक्यं पक्की राहिली आणि त्यांच्या पोटातलं निसटायला लागलं. पाठांतरेला एकदा विचारलं, "आजीतला फ कशाचा?" ती डोळे मिटून ताबडतोब म्हणाली, "फरसाण."

इथे शंकासुराचं महत्त्व कळायला लागलं. सुरुवातीला त्याच्यामुळे वेळ जातो असं बाकीच्यांचं मत होतं, आणि खरोखरच जायचा. पाठांतरे एका दमात म्हणायची, "जिब्रेलिन्स प्रमोट इंटरनोडल इलाँगेशन," की हा म्हणणार, "म्हणजे काय?" ती तेच वाक्य मोठ्याने म्हणायची. हा पुन्हा, "ते ऐकलं. पण म्हणजे काय?" एकदा हे चार वेळा झालं. मग पाठांतरे थांबली, आणि तिच्या चेहऱ्यावर मी प्रथमच तो भाव पाहिला: हे आपल्यालाही माहीत नाही, हे तिला नुकतंच समजलं होतं.

कन्येने फोड केली. इंटरनोड म्हणजे दोन पेरांमधलं कांडं. ते या संप्रेरकाने लांबतं. जपानात भाताची रोपं एका बुरशीमुळे ताडमाड वाढायची आणि कोलमडायची. शेतकरी त्या रोगाला 'मूर्ख रोप' अशा अर्थाच्या नावाने ओळखायचे. कुरोसावा या शास्त्रज्ञाने १९२६ साली दाखवलं की ही करणी त्या बुरशीतून निघणाऱ्या द्रव्याची आहे. त्या बुरशीच्या नावावरून जिब्रेलिन.

"थांब," शंकासुर म्हणाला. "हे जिब्रेलिक, म्हणजे आपलं जीए का?"

"आपलं म्हणजे?"

"अगं, आमचे अण्णा द्राक्षाचे घड जीएच्या पाण्यात बुडवतात. डिपिंग. घड लांबतो, मण्यांना जागा होते, मणी फुगतो. दरवर्षी बादली मी धरतो."

ज्या द्रव्याचं कार्य आपण सप्टेंबरपासून घोकतोय, त्याची बादली हा मुलगा सहावीपासून धरतोय, हे कळल्यावर बाकीच्या तिघांनी वह्या मिटल्या आणि त्यालाच शिकवायला बसवलं. त्याने वनस्पतींच्या वाढीचा अख्खा धडा द्राक्षबागेत नेऊन लावला. शेंडा खुडला की बगलफुटी का जोर धरतात? शेंड्यातलं ऑक्झिन खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं म्हणून. पुस्तकात याला शेंड्याचं वर्चस्व म्हणतात. "आमच्याकडे याला थोरल्या काकांचा कारभार म्हणतात," असं तो म्हणाला, आणि तो मुद्दा मला कायमचा पाठ झाला. पाण्याचा धडाही मग ऑप्शनमधून परत आला. द्राक्षवाल्याच्या पोराने पाणी ऑप्शनला टाकलं हे घरी कळलं असतं तर त्याची खैर नव्हती.

नोव्हेंबरात मानवी प्रजननाचा धडा आला आणि हॉलमधला आवाज एकाएकी पडला. एरवी गल्लीच्या टोकाला ऐकू जाणारी चर्चा कुजबुजीवर आली. मी आत गेलो की पुस्तक पालथं. मी रिमोट शोधतोय असं दाखवायचो. टीव्ही बंद करून चार महिने झाले होते. एका संध्याकाळी पंखा थांबला आणि नेमका त्याच क्षणी शंकासुराचा नेहमीचा प्रश्न स्पष्ट ऐकू आला, "पण प्लॅसेंटा म्हणजे काय?"

कुणी बोलेना. मी छताकडे बघितलं. आणि आतून आईचा खणखणीत आवाज आला, "अरे, वार! वार पडल्याशिवाय बाळंतीण मोकळी होत नाही."

आई बाहेर येऊन खुर्चीवर बसली आणि पुढचा पाऊण तास तिने वाड्यातल्या बाळंतपणांचा इतिहास सांगितला. नाळ कशी बांधायची, वार अडकली की सुईणीचा चेहरा कसा उतरायचा, कुणाच्या वेळी पूर आला होता. मुलं लाजणं विसरून टिपणं काढत होती. पाठांतरेने मधेच डोळे मिटून म्हटलं, "कोलोस्ट्रम, पहिल्या काही दिवसांचं पिवळसर दूध, इम्युनोग्लोब्युलिन ए असतं, बाळाला रोगप्रतिकारशक्ती देतं."

"चीक," आई म्हणाली.

"आँ?" शंकासुर उडालाच. "खरवसाचा चीक?"

तोच. महिन्याभराने त्यांची म्हैस व्याली आणि तासगावहून डबा भरून खरवस आला, जायफळ घातलेला. ते त्या वर्षातलं सगळ्यात मन लावून केलेलं प्रात्यक्षिक. चित्रगुप्ताने तीन वड्या खाल्ल्याची नोंद मी माझ्याकडे ठेवली आहे.

रक्ताभिसरणाचा धडा कन्येने घेतला. हृदयाचे चार कप्पे, कुठलं रक्त कुठून कुठे, यात भल्याभल्यांचा रस्ता चुकतो. तिने एसटी लावली. उजवीकडची फेरी सांगली-मिरज: हृदयातून शेजारच्या फुप्फुसात, ऑक्सिजन घेतला की परत. डावीकडची सांगली-मुंबई: डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. म्हणून डाव्या निलयाची भिंत जाड. लांब पल्ल्याच्या गाडीला इंजिन दणकट लागतं. एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे मिनिटाला पाच लिटर. चित्रगुप्ताने गुणाकार तपासून पाहिला.

पण कळस शंकासुराने केला. तो म्हणाला, "इंग्रजीत एट्रियम आणि व्हेंट्रिकल, माझा कायम गोंधळ होतो. मराठीत नाही होत. अलिंद आणि निलय. आमच्या सरांनी सांगितलेलं, अलिंद म्हणजे ओसरी, निलय म्हणजे घर. रक्त पाहुण्यासारखं आधी ओसरीवर येतं, मग घरात जातं." तिघंही इंग्रजी माध्यमाची मुलं त्याच्याकडे बघत राहिली. त्यांच्या छातीत इतकी वर्षं चौसोपी वाडा होता आणि त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. केशवाहिनी म्हणजे केसासारखी बारीक वाहिनी, हेही त्यांना त्याच दिवशी उमगलं. त्यानंतर नवा इंग्रजी शब्द आला की तिघं त्याच्याकडे वळून विचारायची, "मराठीत काय म्हणतात रे?" प्रश्न तोच होता. आता विचारणारे बदलले होते.

हे सगळं भडंगावर चालायचं. सांगलीत भडंग हा अल्पोपाहार नाही, ते इंधन आहे. परिसंस्थेच्या धड्यात लिंडेमानचा १९४२ सालचा नियम येतो: एका पातळीवरच्या ऊर्जेतली सुमारे दहा टक्केच वरच्या पातळीला मिळते, बाकीची बरीचशी उष्णतेच्या रूपाने निघून जाते. गवतातली दहा टक्के नाकतोड्याला, नाकतोड्यातली दहा टक्के बेडकाला. आमच्या हॉलमधलं निरीक्षण या नियमाशी तंतोतंत जुळतं. भडंगातली दहा टक्के शक्ती अभ्यासात उतरायची; उरलेली क्लासातल्या सरांच्या नकला, मोबाईलमधले फोटो आणि कोण कुणाशी बोलत नाही या चर्चेच्या रूपाने वातावरणात जायची. आमच्या सौभाग्यवतींना हा नियम मान्य नव्हता. "अहो, किलोभर डबा चार दिवसांत संपतो आणि धडा एक होतो," हे त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, निसर्गाचा नियम आहे, आपण काय करणार?

खरं सांगायचं तर मला या मुलांचा हेवा वाटायचा. मीही १९९१ साली जीवशास्त्र घेऊन बारावी दिली. तेव्हा मेडिकलचा प्रवेश बारावीच्या गुणांवर ठरायचा आणि माझ्या गुणांनी तो फार चटकन ठरवला. मी विमा क्षेत्रात आलो. आमच्याही वेळी मित्र एकमेकांना मदत करायचे. फक्त मदत म्हणजे जर्नल उतरवायला देणं. कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड बघताना मला एक सुरेख, ठळक, काळ्या कडेचं वर्तुळ दिसलं. मी ते मन लावून काढलं आणि बाण मारून लिहिलं, 'केंद्रक'. माझं जर्नल एकाने नेलं, त्याचं दुसऱ्याने, दुसऱ्याचं चौघांनी. तपासणीच्या दिवशी सरांनी सोळा जर्नलं एका रांगेत मांडली. सोळाही कांद्यांत तेच वर्तुळ, त्याच कोपऱ्यात. सर म्हणाले, "हा हवेचा बुडबुडा आहे. याचा मूळपुरुष कोण, त्याने उभं राहावं." मी उभा राहिलो. नकलेतली चूक पुढच्या पिढ्यांत उतरते आणि तिला उत्परिवर्तन म्हणतात, हे मी पुस्तकात वाचायच्या आधी वर्गात उभं राहून शिकलो.

फ्रान्सिस क्रिकने १९५८ साली मांडलेलं एक तत्त्व या पोरांच्या चर्चेतून माझ्या कानावर पडलं. डीएनएवरची माहिती आधी आरएनएवर उतरवली जाते. मराठी पुस्तकात त्याला प्रतिलेखन म्हणतात. मग त्या आरएनएवरून प्रथिन तयार होतं. त्याला म्हणतात भाषांतरण. शरीरातली बहुतेक कामं करतं ते प्रथिन. नुसतं प्रतिलेखन होऊन भाषांतरण झालंच नाही, तर पेशीच्या हातात नकलेचा एक कागद उरतो. आम्ही सोळा जणांनी वर्षभर प्रतिलेखन केलं. आमच्यात "म्हणजे काय?" विचारणारा एकही नव्हता, म्हणून कुणाचंच प्रथिन बनलं नाही.

जानेवारीत प्रीलिम झाली आणि पाठांतरेला ७० पैकी ४१ पडले. प्रश्न फिरवून विचारले होते. तिच्या पानांवर तो फिरवलेला मजकूर कुठेच नव्हता. ती सोफ्यावर, मूत्रपिंडाशेजारी बसून रडली. तिघांनी आपापल्या परीने समजूत घातली. चित्रगुप्ताने, ४१ म्हणजे ५८.५७ टक्के, असं सांगून पाहिलं. त्याने रडणं वाढलं. शेवटी शंकासुर म्हणाला, "मेंडेल नापास झाला होता, माहितीय?"

रडणं थांबलं. खरी गोष्ट आहे. ज्याच्या मटारांच्या सात गुणधर्मांवर जगभरची पोरं गुण मिळवतात, तो ग्रेगॉर मेंडेल १८५० साली शिक्षक होण्याच्या परीक्षेत नापास झाला. १८५६ साली पुन्हा बसला, तेव्हाही प्रमाणपत्र हाती आलं नाही. तरी त्याने मठाच्या बागेत मटार वाढवले, १८६६ साली निबंध छापला, आणि त्याची किंमत जगाला १९०० साली, तो गेल्यावर सोळा वर्षांनी कळली. पाठांतरेने डोळे पुसले, मग मिटले, थोडा वेळ शोधलं आणि म्हणाली, "हे आपल्या पुस्तकात कुठल्या पानावर आहे?"

शेजारच्या काकांना हा सगळा प्रकार पटत नव्हता. "अहो, २०२४ ला तेवीस लाखांवर पोरं नीटला बसली होती," ते मला जिन्यात म्हणाले. "तुमच्या हॉलमधली चौघंही एकाच जागेच्या मागे. तुमची पोर आपल्या नोट्स वाटते? उद्या तोच तासगावचा तिच्या पुढे जाईल." मी हे जेवताना सांगितलं. कन्या म्हणाली, "गॉसचा नियम." एकाच गोष्टीवर जगणाऱ्या दोन जाती एका जागी कायम नांदू शकत नाहीत, एक टिकते, दुसरी जाते. मला वाटलं, चला, काका शास्त्रशुद्ध निघाले. पण ती पुढे म्हणाली, "त्याच धड्यात पुढे मॅकआर्थर आहे." त्याने पाहिलं की एकाच झाडावर वटवट्यांच्या पाच जाती सुखाने राहतात, कुणी शेंड्याला खातं, कुणी मधे, कुणी बुंध्याशी. "आम्ही चौघं एका झाडावर आहोत, पण मी रक्तावर, तो द्राक्षावर, ती पानावर आणि चित्रगुप्त आमच्या डोक्यावर."

आई तेव्हा गोडा मसाल्याचं सामान निवडत होती. कन्येने तिच्या ताटातला एक काळपट, कुरतडलेला तुकडा उचलला. "आजी, हे काय आहे माहितीय?"

"दगडफूल."

"हे फूल नाही. हे दोघं आहेत. एक शैवाल आणि एक बुरशी. शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न बनवतं, बुरशी त्याला आसरा आणि ओलावा देते. उघड्या दगडावर कुणालाच एकट्याने जमलं नसतं."

आईने तो तुकडा हातात घेऊन उजेडाकडे धरला. "साठ वर्षं मसाल्यात घालतेय," ती म्हणाली. "दोघं असतील असं वाटलं नव्हतं." आणि तिने तो इतर दगडफुलांत ठेवला, पण जरा हलक्या हाताने.

फेब्रुवारीत बारावी झाली, मेमध्ये नीट. कुणाला किती पडले हे सांगण्याचा मला अधिकार नाही. सगळी नोंद चित्रगुप्ताकडे आहे. नीटच्या दिवसाची एक गोष्ट मात्र पाठांतरेने आम्हाला येऊन सांगितली. पेपर सोडवता सोडवता ती एका ठिकाणी एकटीच हसली. पर्यवेक्षक बाईंनी वाकून विचारलं, "काय झालं गं?" ती म्हणाली, "काही नाही मॅडम, आजी आठवली." बाईंचे डोळे पाणावले. आजी इकडे ठणठणीत, उपम्यावर खोबरं पेरत होती.

सोफा आता मला परत मिळाला आहे. मधोमध बसलं की बूड थोडं डावीकडे कलतं. तिथे शंकासुर बसायचा.

तुमच्या घरी यंदा बारावी असेल तर दोन गोष्टी सांगून ठेवतो. मुलांच्या गटात "म्हणजे काय?" विचारणारं एक तरी पोर आहे ना, ते बघा. नसेल तर तुम्हीच अधूनमधून विचारा. तुम्हाला कळत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे अब्रू जायची भीती नाही. आणि अभ्यासाला शंभर ग्रॅम भडंग लागेल असा अंदाज असेल, तर किलोभर आणा.